टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या?

प्रश्न : 7 ऑगस्ट 2022 रोजी 'एसएसएलव्ही' या इस्रोच्या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण मी नातीसोबत टीव्हीवर पाहिलं. सगळे टप्पे पेटले, उपग्रह सुटले, आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर बातमी आली की उपग्रह निकामी. वर पोचलेला उपग्रह वाया कसा जातो? आता प्रत्येक उड्डाणाला नात विचारते, "आजोबा, वाजवू का टाळ्या?"
– एक वाचक, परभणी

उत्तर : काका, त्या सकाळी 9 वाजून 18 मिनिटांनी मीही टीव्हीसमोरच होते. त्या रॉकेटवर सरकारी शाळांतल्या 750 मुलींच्या हातचा 'आझादीसॅट' होता, म्हणून ती बातमी मला फार लागली.

उपग्रह नुसता वर नेऊन भागत नाही, त्याला आडवा वेग द्यावा लागतो. 356 किलोमीटरवर गोल फिरत राहायला सेकंदाला सुमारे 7,693 मीटर वेग हवा. त्या दिवशी 56 मीटर कमी पडले. शेकडा एकसुद्धा नाही! पण तेवढ्यानं कक्षा लंबगोल झाली : एका बाजूला 356 किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम 76. तिथली हवा उपग्रहाला टिकू देत नाही.

वेग कमी का पडला? दुसरा टप्पा सुटताना रॉकेट जोरात थरथरलं. वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरांना ते झेपलं नाही, आणि जेमतेम दोन सेकंदांच्या त्या गोंधळावरून संगणकानं सगळे सेन्सर बिघडले असं ठरवलं. खरं तर ते धडधाकट होते. मग वेगाची शेवटची भर घालणाऱ्या छोट्या द्रवइंधन टप्प्याचं काम झालंच नाही. इस्रोनं हे सगळं जाहीर सांगितलं, टप्पा सुटण्याची रचना बदलली आणि सेन्सर बाद ठरवण्याचे निकषही. 10 फेब्रुवारी 2023 ला दुसरं उड्डाण 450 किलोमीटरच्या कक्षेत नीट पोचलं. त्यात 'आझादीसॅट-2' होता. नातीला हे आवर्जून सांगा.

काउंटडाउन मध्येच थांबलं तर मात्र तिला हिरमुसू देऊ नका. ऑगस्ट 2013 मध्ये जीएसएलव्ही या इस्रोच्या मोठ्या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात इंधनगळती दिसली आणि उड्डाणाला 74 मिनिटं उरली असताना ते थांबवलं. तेच उड्डाण 5 जानेवारी 2014 ला यशस्वी झालं.

पुढच्या वेळी ज्वाळांपेक्षा पडद्यावरच्या आलेखाकडे बघा. एक रेघ ठरलेल्या मार्गाची, दुसरी प्रत्यक्षातली. आणि उड्डाणाआधीच नातीला वहीत दोन आकडे लिहायला सांगा : ठरलेल्या कक्षेचं पृथ्वीपासून सर्वांत जवळचं आणि सर्वांत दूरचं अंतर. दळणवळणाच्या उपग्रहांना आधी मुद्दामच लंबगोल कक्षेत सोडतात, तेव्हा हे आकडे एकमेकांपासून खूप लांब असतील. त्यानं घाबरायचं नाही. उपग्रह सुटल्यावर थोड्या वेळानं प्रत्यक्षातले आकडे जाहीर होतात. ते वहीतल्या आकड्यांशी जुळले, की वाजवा टाळ्या.