आधी उतरायची जागा बघ

सांवेरकडे सोयाबीनच्या फवारणीला ड्रोन नेतोयस ना? मग टाकी भरण्याआधी बांधालगत उतरायची जागा ठरव. बॅटरी अगदी तळाला गेली की ड्रोन बहुधा असेल तिथेच उतरू लागतो, खाली विहीर असो की बाभूळ. ‘रिटर्न टू होम’वर, म्हणजे ड्रोन आपोआप उडाल्या जागी परत येण्याच्या सोयीवर, फार विसंबू नकोस. उंची कमी लावलेली असेल तर परतताना विजेच्या तारांत अडकतो, आणि बारीक तार सेन्सरला दिसेलच असं नाही. पडलाच तर पंखे थांबेपर्यंत कुणाला जवळ येऊ देऊ नकोस. पोरं व्हिडिओ काढायला धावतातच. आपटलेली लिथियम बॅटरी उशिरानेही पेटते, तेव्हा ती लगेच गाडीत घालून इंदूरला आणायची नाही. मोकळ्यावर, वाळलेल्या काडीकचऱ्यापासून लांब ठेव. सांडलेल्या औषधाला हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस.