आरडी ३५०चं इंजिन पूर्ण बांधून घ्यायचंय. खर्च किती, दिवस किती?

तुम्ही विचारलंय की काकांची १९८७ची राजदूत ३५० (म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक आरडी ३५०च, इथे राजदूत नावाने विकलेली) आठ वर्षं उभी आहे, इंजिन फुल खोलून बांधायचंय, तर पुण्यात खर्च किती येईल, वेळ किती लागेल आणि मेकॅनिकने सुचवल्याप्रमाणे ऑईल पंप (इंजिनाला वेगळं ऑईल पुरवणारा) काढून टाकावा का.

माझे १ लाख १२ हजार गेले आणि १४ महिने लागले. गाडी सोडली तेव्हा बोली होती ३५ हजार आणि तीन आठवडे. आणि पंप काढू नका. का, ते पुढे येईलच.

या गाडीचे दोन प्रकार, हाय टॉर्क आणि कमी ताकदीची लो टॉर्क. आमची लो टॉर्क आहे. बाबांनी १९८६ला सांगलीत घेतली. तुमचीही लो टॉर्कच असणार, पण हाय असो वा लो, खोलल्यावर दुखणी तीच. मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर हातात बोअर गेज नाहीतर डायल असतो, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजायची साधनं. तरी स्वतःच्या घरच्या इंजिनाचं एकही माप मी घेतलं नाही, कारण दादा म्हणाला, "मिस्त्रीच्या डोक्यावर बसू नकोस. ज्याचं काम त्याला करू दे, पैसे दे आणि मोकळा हो." दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, त्याने ही गाडी कॉलेजात चालवलेली. मी ऐकलं.

२०२१च्या जूनमध्ये दिली, ऑक्टोबरमध्ये मिळाली. मधल्या काळात इंजिन तीन ठिकाणी होतं. बॅरल (सिलिंडर) एकाकडे, क्रँक दुसऱ्याकडे, केसिंग बारदानाच्या पोत्यात मेकॅनिकच्या बाकड्याखाली. फोन केला की "साहेब, पिस्टन येतायत." झिजलेलं सिलिंडर आतून कातून मोठं करतात आणि त्यात तेवढाच मोठा, ओव्हरसाइज पिस्टन घालतात, ते बोअरिंग. बाबांच्या वेळच्या बोअरिंगमुळे सिलिंडर ०.२५वर होते, म्हणजे मूळ मापापेक्षा पाव मिलिमीटर मोठे. पुढचं माप ०.५०. त्या मापाचे पिस्टन मिळेनात म्हणून मला न विचारता सरळ ०.७५ला बोअर केले. हे नीट समजून घ्या. मूळ बोअर ६४ मिलिमीटर, ओव्हरसाइज चारच, शेवटचं १.००, म्हणजे ६५. त्यापुढे पिस्टन नाही. दरवेळी बोअर केलं की सिलिंडरचं आयुष्य कापलं जातं आणि ते परत येत नाही. ज्याला पिस्टन शोधायचा कंटाळा आला त्याने आमची एक पायरी खाल्ली.

गाडी परत आली तेव्हा मात्र बघत राहावी अशी होती. कव्हर आरशासारखी बफ केलेली, सिलिंडरला काळा रंग, नवीन स्क्रू. बिलात "सील सेट, नवीन" अशी ओळ होती (सील म्हणजे क्रँकच्या शाफ्टभोवती घट्ट बसणारं रबर). जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारात गेले.

३४० किलोमीटर झाले होते. सांगलीला निघालो होतो, खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये आवाज एकदम बारीक आणि कोरडा झाला. भांड्यात वाळू फिरवावी तसा. मी क्लच दाबेपर्यंत मागचं चाक अडकलं आणि गाडी दोन हात सरकली. मागे ऊस भरलेला ट्रक होता. डावा प्लग काढून बघितला, पांढराफटक. उजवा कॉफीच्या रंगाचा, व्यवस्थित. दोन्ही एकाच नंबरचे, बी८एचएस, एकाच डब्यातले. एकाच इंजिनात, एकाच पेट्रोलवर एक बाजू भाजते आणि दुसरी ठीक राहते, म्हणजे बहुतेक त्या एका बाजूला हवा कुठून तरी चोरून आत येतेय. हे मला तिथेच, घाटात कडेला बसून कळायला हवं होतं.

मेकॅनिकचं म्हणणं, मी गाडी ताणली. मग म्हणाला, पंपाने दगा दिला, या पंपावर भरवसा ठेवायचाच नाही. दादाही फोनवर त्याचीच री ओढत होता, "अरे, सगळे काढून टाकतात पंप." पंप काढला, त्या जागी ब्लँक (झाकण) लावला, पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑईल मिसळून चालवायला सांगितलं. सिलिंडर १.००ला गेले. जानेवारी २०२२मध्ये, ११० किलोमीटरवर, सपाट रस्त्यावर डावं सिलिंडर पुन्हा सीझ, म्हणजे पिस्टन आत अडकला.

आता ऑईल तर पेट्रोलमधूनच दोन्हीकडे सारखं जात होतं. मग पंपाचा गुन्हा काय होता? काहीच नाही. यामाहाचा तो पंप थ्रॉटल आणि आरपीएम दोन्ही बघून ऑईल सोडतो. मिसळलेल्या पेट्रोलवर लांब घाट उतरताना थ्रॉटल बंद केला की इंजिन फिरत राहतं आणि ऑईल मात्र जवळजवळ थांबतं. काढून टाकणाऱ्यांना तो बसवता येत नाही, केबलची खूण जुळवता येत नाही, म्हणून काढतात. मी पुन्हा बसवला, आजही चालू आहे.

दुसऱ्यांदा सीझ झाल्यावर गाडी टेम्पोत घालून सांगलीला घरी नेली. नवीन काही खोलायच्या आधी लीक टेस्ट केली. कार्बोरेटर उतरवले, दोन्ही इनटेक रबरी बुचांनी बंद, एक्झॉस्टच्या तोंडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि वरून पट्ट्या. एका बुचातून नळी काढून तिला बाबांच्या बीपी मशीनचा फुगा आणि काटा जोडला. बाबा फुगा दाबत होते आणि काटा वाचत होते, मी ब्रशने साबणाचं पाणी लावत होतो. अडीचशेपर्यंत काटा नेला, म्हणजे साधारण पाच पीएसआय, आणि बाबा म्हणाले, "उतरतोय बघ, दोनशे, दीडशे…" दहा सेकंदांत शून्य. बेस पॅकिंग कोरडं, हेड कोरडं. मग अल्टरनेटर उतरवला आणि डाव्या बाजूच्या क्रँक सीलला पाणी लावलं. शाफ्टभोवती फेसाचं कडं उभं राहिलं.

सील काढलं तर ओठ नखासारखा कडक, तपकिरी. नवीन नव्हतंच. बहुतेक १९८६पासून तिथेच होतं. काही शे रुपयांच्या रबरासाठी बाबांचे सिलिंडर शेवटच्या मापाला गेले.

फेब्रुवारीत इंजिन मी स्वतः कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका क्रँकवाल्याकडे नेलं. त्याने आधी चहा मागवला आणि मग विचारलं, "माप कोण घेणार, तुम्ही की मी?" म्हटलं, दोघं. क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल लावला तर मिलिमीटरचे ११ शतांश डगमगत होता. असायला हवा ३च्या आत. त्याने प्रेसवर नवीन रॉड भरले, मग तांब्याच्या हातोड्याने एकेक ठोका मारायचा, फिरवायचा, डायल बघायचा. दीड तास. शेवटी २ शतांश. डाव्या सिलिंडरला नवीन स्लीव्ह (आतली नळी) टाकून उजव्याला जुळेल असं ६५ला बोअर केलं. बोअर पिस्टन हातात आल्यावरच, त्याच पिस्टनच्या मापाने, ४० मायक्रॉनची जागा ठेवून. मापं त्याने कागदावर लिहून दिली, खाली सही. तरी ऑगस्ट उजाडला, कारण त्याच्याकडे रांग होती आणि बेअरिंग यायला वेळ लागला. पण प्रत्येक फोनला तो नेमकं काय अडलंय ते सांगायचा, त्यामुळे त्रास वाटला नाही.

तेव्हा तुम्हाला सांगतो ते एवढंच. पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर लेथवाल्याकडे जाऊ देऊ नका. जुना प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत मागा, सीलसुद्धा. क्रँक बसायच्या आधी डायलचं माप स्वतः डोळ्यांनी बघा. इंजिन फ्रेमवर चढायच्या आधी फुग्याची टेस्ट तुमच्यासमोर व्हायला हवी, वीस मिनिटांचं काम आहे. "कशाला, मी गॅरंटी देतो ना," असं जो म्हणेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका. मी ज्याला दिली होती त्याची गॅरंटी म्हणजे मजुरी माफ. गेलेली मापं कोण माफ करणार?

काही गोष्टी राहिल्या. टेस्ट पास झाली म्हणजे सगळं झालं असं नाही, कार्बोरेटरचा जेट अडकलेला असला किंवा ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं असलं तरी पिस्टन जातो. उजव्या बाजूला क्लच-गिअरचं ऑईल असतं, म्हणून उजवं सील गेलं तर उलटं होतं, गिअर ऑईल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर सुटतो, तिथे प्लग ओला मिळेल. आठ वर्षं उभ्या गाडीत दोन्ही सील बहुतेक कडक झालेली असतात, चांगली दिसली तरी बदला. खर्चाचं म्हणाल तर माझ्या १ लाख १२ हजारांतले जवळजवळ निम्मे पहिल्या वेळच्या चुका निस्तरण्यात गेले, त्यामुळे तुमचं कमीत भागू शकतं. वेळ मात्र जो सांगतील त्याच्या दुप्पट धरा. आणि सगळेच मेकॅनिक तसले नसतात, कोल्हापूरचा माणूस मी पाहिलाय.

दादा, हे तू वाचशीलच. गाडी आता ६,२०० किलोमीटर चाललीय, पंपासकट, दोन्ही प्लग कॉफीच्या रंगाचे आहेत. दिवाळीला आलास की मापांचा कागद दाखवतो, बाबांनी तो बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात जपून ठेवलाय. मी तेव्हा त्या मिस्त्रीच्या डोक्यावर बसायलाच हवं होतं.