वाचक विचारतात : पडद्यावरची ‘बेबी’ मोठी होते तेव्हा

मागच्या अंकात जुन्या बालतारकांच्या छायाचित्रांचं पान छापल्यावर पत्रं दोन तऱ्हेची आली. ज्येष्ठांना त्या बेबींचं पुढे काय झालं ते हवंय. आयांना आपल्या मुलीचं पुढे काय करायचं ते हवंय. दोन्ही तऱ्हेचे प्रश्न एकत्रच घेतले आहेत.

बेबी नंदा आणि बेबी नाझ, दोघींना आम्ही शाळकरी वयात पाहिलं. नाझचं तर फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात कौतुक झालं होतं. मग नायिका नंदा झाली आणि नाझ बहीण-मैत्रीणच राहिली, असं का?
– एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

नाझ अभिनयात कमी पडली म्हणून नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. दोघींच्या वयाचा आणि चित्रपटांचा हिशेब मांडून बघा.

नंदाचा जन्म १९३९चा. वडील, अभिनेते-दिग्दर्शक मास्टर विनायक, १९४७च्या ऑगस्टमध्ये गेले, घराची घडी विस्कटली आणि १९४८च्या ‘मंदिर’मध्ये ती ‘बेबी नंदा’ म्हणून पडद्यावर आली. पुढे ‘तूफान और दिया’त (१९५६) मोठी भूमिका मिळाली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मधली वर्षं रिकामी गेली नाहीत, कारण तिला मराठी चित्रपट होते. ‘शेवग्याच्या शेंगा’ १९५५चा. म्हणजे अडनिड्या वयात ती प्रेक्षकांसमोर थोडी थोडी वाढत राहिली. बालपणीची तिची एकही भूमिका अशी गाजली नव्हती, की लोकांनी तिला तिथेच खिळवून ठेवावं.

नाझचं नेमकं उलटं झालं. जन्म १९४४चा, ‘बूट पॉलिश’ १९५४चा. दहाव्या वर्षी केलेल्या कामाचा १९५५ साली कानमध्ये खास उल्लेख झाला. त्याच वर्षीच्या ‘देवदास’मध्ये ती छोटी पारो होती. एवढा ठसा उमटल्यावर निर्मात्याच्या डोळ्यांपुढून ती फ्रॉकमधली पोर हलेचना. ‘काग़ज़ के फूल’मध्ये (१९५९) पंधराव्या वर्षी ती नायकाची मुलगी आहे, आणि १९७०-७१च्या सुमारास ‘सच्चा झूठा’त नायकाची बहीण, ‘कटी पतंग’मध्ये नायिकेची मैत्रीण. बहिणीच्या भूमिका नंदालाही आल्याच, पण ‘छोटी बहन’मध्ये (१९५९) सगळी कथाच त्या बहिणीभोवती फिरते. तिथून ‘हम दोनों’ (१९६१) आणि ‘जब जब फूल खिले’ (१९६५) गाठता आले.

नाझबद्दलची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांत ऐकू येणारा आवाज अनेकदा नाझचा आहे. चेहऱ्याने जे दिलं नाही ते आवाजाने दिलं. आमच्या मते ही तिची दुसरी कारकीर्दच होती, फक्त पडद्यावर तिचा चेहरा नव्हता.

श्रेयनामावलीत ‘बेबी’ आणि ‘मास्टर’ का लिहीत? आणि मुली मुलग्यांच्या भूमिका का करत?
– एक वाचक, परळ

मुलगी असेल तर बेबी, मुलगा असेल तर मास्टर, एवढाच नियम. मीनाकुमारी आधी बेबी मीना होती, मधुबाला ‘बसंत’मध्ये (१९४२) बेबी मुमताज. मराठीत बेबी शकुंतला: प्रभातच्या ‘रामशास्त्री’तली (१९४४) छोटी मुलगी पुढे नायिका झाली, तरी ‘बेबी’ नावाला चिकटलेलंच राहिलं.

आता मुलग्यांच्या भूमिकांचं. त्या काळच्या कथांना हरवलेला, अनाथ किंवा खोडकर मुलगाच लागे. हुशार, पाठांतर चोख असलेली मुलगी हाताशी असली की केस कापून तिलाच उभं करत. डेझी आणि हनी या इराणी बहिणींची ओळखच त्यावर झाली. सारिका काही चित्रपटांत ‘मास्टर सूरज’ होती.

माझी सात वर्षांची मुलगी एका मालिकेसाठी निवडली गेली आहे. सेट नायगावला. एक कोऑर्डिनेटर (कलाकारांना काम मिळवून देणारा मध्यस्थ) म्हणतो, कलेक्टरची परवानगी काढायला १५ हजार भरा. भरू का?
– एक आई, डोंबिवली

एक रुपयाही भरू नका. परवानगी काढण्याची जबाबदारी निर्मात्याची आहे, पालकांची नाही. पालकांकडून त्यासाठी पैसे मागणारा माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा निर्मात्याचा खर्च तुमच्या गळ्यात घालतोय.

चौदा वर्षांखालच्या कलाकारांचे नियम बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनंतर २०१७ साली आले. शूटिंग ज्या जिल्ह्यात होईल तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे निर्मात्याने फॉर्म ‘सी’मध्ये हमीपत्र द्यायचं. त्यात मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या माणसाचं नाव असतं. हमीपत्र सहा महिने चालतं. इथे गोंधळ होतो तो जिल्ह्याचा. नायगाव पालघर जिल्ह्यात येतं, मीरा रोड ठाण्यात, आणि गोरेगावची चित्रनगरी किंवा मढचे शूटिंगचे बंगले मुंबई उपनगरात, ज्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. मालिका नायगावची असली आणि चार दिवस मढला जायचं ठरलं, तर पालघरचा कागद तिथे पुरत नाही. ‘परवानगी आहे’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या तारखेपर्यंतची, आणि यादीत मुलीचं नाव आहे का, हे प्रत हातात घेऊन वाचा.

तुमच्याकडून जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि संमतीपत्र मागतील. प्रती द्या, मूळ कागद घरी. कोऱ्या संमतीपत्रावर सही तर मुळीच नको. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार कायद्यापुढे उभा राहत नाही, म्हणून करारावर पालकच सही करतात. त्यातलं प्रत्येक कलम तुमच्या अंगावर येणार, तेव्हा आधी वाचा. काम मध्येच सोडल्यास भरपाईचं कलम असेल, तर आजारपण आणि परीक्षा त्यातून वगळून घ्या.

आता तास. दिवसाला पाचपेक्षा जास्त नाहीत, आणि विश्रांतीशिवाय सलग तीनपेक्षा जास्त नाहीत. मालिकेची शिफ्ट मात्र बारा तासांची. घोळ असा होतो: कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, नऊचा, साडेदहापर्यंत केस-मेकअप, मग मोठ्यांचे सीन लांबतात, मुलीचा पहिला शॉट दोनला, आणि प्रॉडक्शनवाले पाच तास दोनपासून मोजतात. पोर रात्री आठला व्हॅनमध्ये झोपलेली. यावर उपाय म्हणजे एक साधी वही. सेटवर पोचलो, मेकअपला बसली, पहिला शॉट, सुट्टी, पॅकअप, या पाच वेळा रोज लिहा आणि कॉल शीटचा (कुणी किती वाजता यायचं त्या रोजच्या तक्त्याचा) मोबाइलवर फोटो काढा. आठवडाभर वही दिसली की वेळा आपोआप सुधारतात. मुलीचे सीन एकापाठोपाठ लावायची विनंती दिग्दर्शकाला करू नका, त्याला तेवढी फुरसत नसते. वेळापत्रक लावणाऱ्या सहायकाला करा, तीही आदल्या दिवशी दुपारी, कॉल शीट निघायच्या आधी.

सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम लावता येत नाही, आणि शाळेचा अभ्यास बुडणार नाही अशी सोय निर्मात्यानेच करायची असते. पाच मुलांमागे सांभाळणारा एक जबाबदार माणूस हवा. तो कोण, हे पहिल्याच दिवशी विचारा. ‘सगळेच लक्ष देतात’ असं उत्तर आलं, तर कुणीच देत नाही असं समजा. मुलीचं मन नसेल तर तिला कॅमेऱ्यासमोर उभं करता येत नाही, हेही नियमातच आहे. काही वावगं वाटलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिलाही पाठ करून ठेवा.

डोंबिवली-नायगाव प्रवासाचा नीट विचार करा. कोपरहून वसईकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, आणि दादरला बदलून गेलात तर मुलगी सेटवर पोचेपर्यंतच दमते. गाडी किंवा प्रवासखर्च मानधनातून वेगळा, असं करारात लिहून घ्या.

मुलीचे पैसे माझ्या खात्यात घेतले तर चालतील का? कर कुणी भरायचा?
– एक वडील, ठाणे

चालवून घेतात, पण तुम्हीच गोत्यात येता. मुलीच्या उत्पन्नातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावावर मुदत ठेवीत थेट गेला पाहिजे, आणि तो तिला सज्ञान झाल्यावरच मिळतो. समजा दिवसाला ८ हजार आणि महिन्यात २० दिवस काम झालं. मानधन १ लाख ६० हजार, त्यातले ३२ हजार ठेवीत. हे २० टक्के पूर्ण मानधनावर काढायचे, कोऑर्डिनेटरची टक्केवारी वजा करून उरलेल्या रकमेवर नव्हे. ठेव एक वर्षाची करून ती तुमच्या खात्यात वळती व्हायची सूचना देऊन ठेवली, तर नियमाचा हेतूच बुडाला. मुदत अठराव्या वाढदिवसापुढची निवडा किंवा आपोआप नूतनीकरण लावा, आणि पावती महिन्याच्या महिन्याला मागा. मालिकांत पैसे साधारण ९० दिवसांनी यायची रीत आहे, त्यामुळे ठेवीची पावतीही मागे पडते आणि मग विसरली जाते.

कराचं सूत्र थोडं चमत्कारिक आहे. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. स्वतःच्या कलेवर किंवा कौशल्यावर मिळवलेल्या पैशाला मात्र हे लागू नाही. तो मुलीचा स्वतंत्र हिशेब. पण त्याच पैशाच्या ठेवीवरचं व्याज पुन्हा तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जातं! म्हणून मुलीचं पॅन कार्ड आधी काढा. अज्ञान मुलांचंही निघतं, अठरानंतर ते फोटो-सहीसह अद्ययावत करायचं. मानधनातून सहसा १० टक्के टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर कापला गेला की तिची कमाई तुमच्या नावावर दिसते आणि तुमच्या दराने कर लागतो. तिच्या पॅनवर असेल तर पालक म्हणून तिचं विवरणपत्र भरून, कर बसत नसेल तर परतावा मागता येतो.

जुन्या बेबींच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. बऱ्याच घरांत पोर कमावती होती आणि पैशाचा हिशेब तिला कुणी दिला नाही.

शूटिंग चालू असताना समोरचा दात पडला तर?
– एक आई, दादर

सहा-सात वर्षांच्या मुलीला भूमिका देणाऱ्यांनी हे गृहीतच धरायला हवं. दात हलायला लागला त्याच दिवशी कंटिन्युइटी (एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय का ते) बघणाऱ्या सहायकाला सांगा, म्हणजे ते क्लोजअप आधी उरकतात. दात स्वतःहून ओढू नका. दंतवैद्याकडून माप देऊन काढता-घालता येणारा अॅक्रिलिकचा दात करून घेता येतो, पण तो फक्त शॉटपुरता. खाताना आणि झोपताना काढायचाच, नाहीतर गिळला जाण्याची भीती. आणखी एक पंचाईत उच्चारांची. फटीतून हवा सुटते आणि ‘स’, ‘श’ घसरतात. ते डबिंगमध्ये सुधारता येतं. त्यासाठी शॉट पुन्हा पुन्हा घ्यायला लावून मुलीला रडवायची गरज नाही.

मुलगी बारा वर्षांची आहे. नवव्या वर्षापर्यंत दोन मालिका केल्या, आता फोन येत नाहीत. तिचं काही चुकलं का? नायिका होईपर्यंत काय करावं?
– एक आई, अंधेरी

तिचं काही चुकलेलं नाही. ती उंच झाली, एवढंच. बारा ते सोळा या वयासाठी भूमिकाच कमी लिहिल्या जातात, आणि ज्या असतात त्या पंधराची दिसणाऱ्या अठरा-एकोणीसच्या मुलीला देतात, कारण तिला पाच तासांची मर्यादा नाही. तुमच्या मुलीला चौदा पूर्ण झाली की ती मर्यादा आणि २० टक्क्यांच्या ठेवीचा नियम तिलाही लागू राहणार नाही. पुढच्या करारात दोन्ही गोष्टी तुम्हीच मागून घ्यायला हव्यात.

‘नायिका होईपर्यंत’ हे शब्द मात्र खोडा. उर्मिला मातोंडकर ‘झाकोळ’ (१९८०) आणि ‘मासूम’मधून (१९८३) ‘रंगीला’पर्यंत (१९९५) पोचली, सारिका ‘गीत गाता चल’ची (१९७५) नायिका झाली, ही उदाहरणं खरी. पण त्याच सारिकाला पहिला राष्ट्रीय पुरस्कार ‘हे राम’च्या (२०००) वेशभूषेसाठी मिळाला, अभिनयाचा ‘परज़ानिया’साठी नंतर. हनी इराणीने ‘लम्हे’ची (१९९१) कथा लिहिली. बेबी तबस्सुम मोठी नायिका झाली नाही, आणि दूरदर्शनवर १९७२ ते १९९३ ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रम चालवला. सेटवर वाढलेल्या मुलीला कॅमेऱ्याची भीती नसते, संवाद झटकन पाठ होतात, खूण न बघता जागेवर थांबता येतं. हे भांडवल अभिनयाबाहेरही चालतं.

म्हणून सध्या तीन गोष्टी करा. बालनाट्य किंवा शाळेच्या एकांकिकेत तिला घाला. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय सेटवर लागत नाही. दुसरं, अंधेरीतल्या डबिंग स्टुडिओंत मुलांचे आवाज सतत लागतात. एका मिनिटाचा नमुना मराठीत आणि एक हिंदीत, मागे संगीत न लावता, रेकॉर्ड करून द्या. या वयाच्या मुलीच्या आवाजात लहान मुलगाही बसतो, म्हणजे काम दुप्पट. तिसरं, फोटो. दर सहा महिन्यांनी नवे काढा, साध्या उजेडात, मेकअपशिवाय, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उंचीचा, खाली उंची सेंटीमीटरमध्ये. जुन्या मालिकेतला लाडका फोटो पहिल्या पानावर लावू नका, आणि कोऑर्डिनेटरने सांगितलं तरी दोन वेण्या घालून वय कमी दाखवू नका. ऑडिशनला समोर उभी राहिल्यावर दुसऱ्या मिनिटाला ते उघडं पडतं, आणि लाजेने मान तिला खाली घालावी लागते.