‘दंड भरून टाकू’ या हिशेबाआड

“तिकिटांत बाराशे पाउंड वाचतात आणि दंड होतो तीनशेवीस. मग दंड भरून मोकळं का होऊ नये?” दंड म्हणजे शाळा सुटण्याआधीच मुलांना भारतात नेल्याबद्दल पालकांना लागणारा. इंग्लंडमधल्या मराठी घरांतून हा प्रश्न मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळ्याची तिकिटं बघायच्या वेळी, हमखास येतो. त्यातलंच हे एक घर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

थोरली इयर फोरमध्ये (आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग), धाकटा रिसेप्शनमध्ये (शाळेचा सुरुवातीचा वर्ग), मे महिन्यात पाच पूर्ण करणारा. आजी-आजोबा साताऱ्याला. शाळा सुटायला आठ दिवस असतानाच निघायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. आई आमच्याकडे सल्ल्याला आली ती मात्र दुसऱ्याच काळजीने. लेक रोज सकाळी पोट दुखतं म्हणायची, शनिवार-रविवारी कधीच नाही. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नव्हतं.

आधी बाबांचा हिशेब पाहिला, कारण तो सुटल्याशिवाय ते दुसरं काही ऐकायला तयार नव्हते. ऑगस्ट 2024 पासून इंग्लंडभर एकच नियम आहे. दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी दहा ‘सेशन’ चुकली की दंडाचा विचार होतो. अर्धा दिवस म्हणजे एक सेशन, म्हणून दहा सेशन म्हणजे पाच दिवस. हजेरी बंद झाल्यावर उशिरा पोहोचणंही यात धरलं जातं. त्यामुळे ‘चारच दिवस नेऊ, मग काही होत नाही’ हा सल्ला कच्चा आहे. दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे लागतो: 21 दिवसांत भरला तर 80 पाउंड, 28 दिवसांत भरला तर 160.

बाबांनी दोन पालक, दोन मुलं, प्रत्येकी ऐंशी असे तीनशेवीस धरले होते. आकडा बरोबर, कारण साफ चूक! धाकट्याला दंड लागणारच नव्हता. एप्रिल ते ऑगस्टमध्ये पाच पूर्ण करणाऱ्या मुलाला सक्तीच्या शिक्षणाचं वय 31 ऑगस्टनंतर लागू होतं. थोरलीसाठी मात्र मागच्या जुलैतही दंड भरला होता. तीन वर्षांत त्याच मुलासाठी त्याच पालकाला दुसरी नोटीस आली तर सवलत नाही, थेट 160. दोघांचे मिळून तेच तीनशेवीस. आणि तिसऱ्या वेळी नोटिशीचा मार्गच उरत नाही. प्रकरण बहुधा कोर्टात जातं, तिथे दंड 2,500 पाउंडांपर्यंत होऊ शकतो. दर वर्षी भरून टाकू, ही योजना तिसऱ्या वर्षी मोडते ती अशी. हे ऐकल्यावर बाबा पहिल्यांदा गप्प बसले.

लेकीशी वेगळं बोललो. ती म्हणाली, “मला आजीकडे जायचंय. पण मिसने विचारलं तर काय सांगू?” मागच्या वर्षी शाळेला ‘ताप आहे’ असं कळवलं होतं. शाळेने फोन केला तेव्हा परदेशातली रिंग ऐकू आली आणि बिंग फुटलं. (असं बिंग फुटणं इतकं नेहमीचं आहे, की लोक अजून तापाचंच कारण का देतात, हे नवलच.) सप्टेंबरमध्ये वर्गात सगळ्यांनी सुट्टीच्या गोष्टी सांगितल्या. आजीच्या घरचं काय सांगायचं आणि काय लपवायचं हे न कळून ही गप्प राहिली. या वर्षी घरात तिकिटांचा विषय निघाला आणि पोट दुखायला लागलं.

आमच्या मते आठ दिवसांचा बुडालेला अभ्यास ही इथे दुय्यम गोष्ट होती. इयर फोरची पाढ्यांची चाचणी जूनमध्येच होते. मुलांचं जे बुडतं ते वेगळं: नव्या वर्गशिक्षिकेची भेट, स्पोर्ट्स डे, मैत्रिणींचा निरोप. परतायला उशीर झाला तर त्याहून महाग पडतो तो सप्टेंबरचा पहिला आठवडा. जागा ठरतात, जोड्या जमतात, आणि उशिरा आलेलं मूल कडेला राहतं. आजीला भेटणं मात्र खरी गरज होती, ती आम्ही खोडून काढली नाही.

मग तीन गोष्टी ठरल्या. मुलीला खोटं बोलायला सांगायचं नाही, हे दोघांनी तिच्यासमोर म्हणायचं. बाबांनी स्वतः म्हणायचं, कारण तापाचं कारण त्यांचं होतं. दुसरं, सुट्टीच्या आतलीच तारीख शोधायची. जुलैअखेरचं जाणं आणि ऑगस्टअखेरचं येणं सर्वांत महाग. शाळा सुटताच न निघता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी, एक थांबा घेऊन पाहिलं तर जाण्याचं भाडं उतरतं. ईस्टरचे दोन आठवडेही चांगले, ऊन सोसलं तर हापूस मिळतो. तिसरं, एखाद्या वर्षी आजी-आजोबांनाच बोलवायचं. व्हिजिटर व्हिसावर त्यांना सहा महिन्यांपर्यंत राहता येतं.

गणपतीचं त्यांनी विचारलंच. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर. धार्मिक सणाच्या नेमक्या दिवसाची रजा शाळा मान्य करू शकते, प्रवासाच्या दिवसांची त्यात धरत नाहीत.

घरात गंभीर आजारपण किंवा मृत्यू असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, ज्या पालकाकडे मूल राहतं त्याच्या सहीने. कारण दोन ओळींत, तारखा नेमक्या, परतीचं तिकीट जोडलेलं. ‘तिकीट स्वस्त होतं’ हे वाक्य अर्जात नको, ते अपवादात्मक कारण ठरत नाही. मंजूर रजेनंतर परतायला उशीर होत असेल तर तिथूनच शाळेला ईमेल करा. कळवल्याशिवाय दिवस वाढत गेले तर पटावरून नाव कमी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

नोटीस हातात पडलीच असेल तर आधी नाव, तारखा आणि पहिली की दुसरी हे तपासा. चूक दिसली तर लगेच काउन्सिलला (दंड लावणाऱ्या स्थानिक प्रशासनाला) लिहा. अपिलाची सोय नाही, हप्तेही नाहीत. 28 दिवसांत न भरल्यास खटला दाखल होऊ शकतो. हे सगळं इंग्लंडपुरतं; स्कॉटलंडला राहणाऱ्यांना अशी दंडाची नोटीस येत नाही.