वाचकांचे प्रश्न : पिकअपमागे कॅम्पर जोडताना

प्रश्न : आमच्याकडे डबल कॅबिनची, मागे हौदा असलेली डिझेल पिकअप आहे. तिच्यामागे जोडण्यासाठी दोन खाटा, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेली चाकांची जुनी कॅम्पर घेत आहोत. सामान भरल्यावर तिचे वजन सुमारे 1200 किलो होते. नोंदणीपत्रावर पिकअपचे रिकामे वजन 1900 किलो आणि भारासह कमाल वजन 2750 किलो आहे. गॅरेजवाल्यांच्या मते इंजिन दणकट आहे, मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवला की काम झाले. एवढे पुरेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : इंजिनाबद्दल गॅरेजवाले म्हणतात ते मान्य करू. 1200 किलो ओढणे आजच्या डिझेल इंजिनाला जड नाही. मात्र ओढण्याची क्षमता हा या प्रकरणातला सर्वात सोपा भाग आहे. अडचण येते ती मागच्या आसावर पडणाऱ्या भाराची आणि गाडी थांबवण्याची, आणि पाटा वाढवून यांपैकी एकही सुटत नाही.

सर्वप्रथम गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत कंपनीने ओढण्याच्या वजनाची मर्यादा दिली आहे का ते पाहावे. तेथे आकडा नसेल, तर कंपनीच्या सेवा केंद्राकडून तो लेखी मागवावा. ‘सगळेच ओढतात’ हे उत्तर स्वीकारू नये. त्यानंतर स्वतःच्या गाडीचा हिशेब मांडावा. 2750 मधून 1900 वजा जाता 850 किलो उरतात. पाच माणसांचे 325, हौद्यावरील फायबरच्या टपाचे 80, पाण्याच्या कॅनचे 100 आणि जनरेटर, गॅस सिलिंडर व हत्यारे मिळून 90 किलो धरले, तर 595 किलो तेथेच संपतात. कॅम्परचा पुढचा दांडा पिकअपच्या बॉलवर (जोडणीच्या लोखंडी गोळ्यावर) जो भार टाकतो, तोही याच हिशेबात धरावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक जण विसरतात. तो 150 किलो मानला, तर शिल्लक राहते 105 किलो. परतीच्या वाटेवर आंब्याच्या पाच-सहा पेट्या चढल्या की तीही संपते.

बॉलवरचा हा भार भरलेल्या कॅम्परच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत 120 ते 180 किलो असावा. तो त्याहून बराच कमी असेल, तर वेग वाढताच कॅम्पर शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलू लागते आणि ते हलणे आवरणे कठीण जाते. म्हणून जड सामान कॅम्परच्या आसाच्या किंचित पुढे ठेवावे. मागच्या कपाटात भांडीकुंडी कोंबू नयेत. भार मोजण्यासाठी घरातला वजनकाटाही चालतो. जमिनीवर एक वीट आणि तिच्यापासून 90 सेंटिमीटरवर काटा ठेवून दोहोंवर भक्कम फळी आडवी टाकावी. कॅम्परच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावून तिच्या दांड्याचे टोक विटेपासून 30 सेंटिमीटरवर फळीवर टेकवावे. काट्यावर जो आकडा येईल त्याची तिप्पट म्हणजे बॉलवरचा भार. फळीचे स्वतःचे वजन आधी काट्यावर पाहून आकड्यातून वजा करावे, आणि मोजताना कॅम्पर जमिनीला समांतर असावी.

आता पाट्याविषयी. बॉल मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे तेथला भार तरफेसारखा काम करतो. पुढच्या व मागच्या आसांत 3 मीटर अंतर असेल आणि बॉल मागच्या आसापासून 1.2 मीटर मागे असेल, तर 150 किलोच्या भाराने मागच्या आसावर 210 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 60 किलो कमी होतात. स्टिअरिंग हलके वाटते ते यामुळे. पाटा वाढवल्याने गाडीची मागची बाजू वर उचललेली दिसते, परंतु आस, हबच्या बेअरिंग, टायर आणि ब्रेक होते तेवढेच राहतात. नोंदणीपत्रावरचा आकडाही वाढत नाही. शिवाय अनेक पिकअपमध्ये मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि आस यांच्यातील अंतर पाहून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटा वाढवल्यावर हे अंतर कायमच जास्त राहते, त्यामुळे गाडी भरलेली असतानाही ती रिकामी आहे असे समजून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. पाटा वाढवलाच असेल, तर या व्हॉल्व्हची जुळणी पुन्हा करून घेतल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. माझ्या मते मात्र पाट्याचा खर्च वाचवून जनरेटर घरी ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

बॉलची जोडणी चासीला असावी, बंपरला कदापि नसावी. सुरक्षेच्या दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा त्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. कॅम्पर हा 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार ट्रेलर असल्याने तिची नोंदणी स्वतंत्र लागते. जुनी घेताना आधी तेच कागद पाहावेत. रंग, पडदे आणि गाद्या नंतर.

प्रश्न : मागे कॅम्पर जोडून कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरताना चाकांमधून जळकट वास येऊ लागला आणि शेवटच्या वळणांवर ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागले. खाली येऊन अर्धा तास थांबल्यावर सर्व पूर्ववत झाले. ब्रेकचे लायनर नवे आहेत. दोष कशात असेल?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पूर्ववत झाले म्हणून दोष गेला, असे समजू नये. लायनर अति तापले की त्यांची पकड कमी होते आणि वास येतो. परंतु पेडल खोल जाणे हे ब्रेक ऑइल उकळल्याचे लक्षण आहे. हे तेल हवेतील ओल शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे ताजे तेल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर मात्र ही हमी 155 अंशांवर येते. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पायाचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. कोकणच्या दमट हवेत, आणि विशेषतः मागे ओझे असताना, हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. तूर्त ते बदलून, ड्रम उघडून पाहिल्याशिवाय कॅम्पर जोडू नये.

दुसरी गोष्ट गिअरची. ज्या गिअरमध्ये आपण तो घाट चढला असता, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकावा. पेडलवर पाय सतत ठेवून उतरण्याऐवजी एकदा ठामपणे दाबून वेग पुरेसा कमी करावा, पाय काढावा आणि ब्रेकला श्वास घेऊ द्यावा.

आपल्या कॅम्परला ब्रेक आहेत की नाहीत, हे आपण कळवलेले नाही. एक टन वजनाच्या कॅम्परला स्वतःचे ब्रेक नसणे मी स्वीकारणार नाही. काही कॅम्परमध्ये ढकलीचे ब्रेक असतात. पिकअप मंदावली की कॅम्पर पुढे रेटते, दांड्याचा जोड दबतो आणि त्या दाबाने ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम चालते. लांब उतारावर मात्र आपण इंजिनाने गाडी रोखून धरली, तर कॅम्पर सतत रेटत राहते आणि तिचे ब्रेक सतत लागलेले राहून तापतात. जळकट वास कदाचित कॅम्परच्याच चाकांचा असेल. घाटात ये-जा असेल, तर कॅबिनमधून नियंत्रित होणारे विजेचे ब्रेक बसवणे योग्य. उतार संपल्यावर मोकळ्या जागी थांबून प्रत्येक हबजवळ हाताचा पंजा धरावा, स्पर्श करू नये. एखाद्याच चाकाची धग इतरांहून जास्त जाणवत असेल, तर त्याचा ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग जात आहे.

प्रश्न : आमचे घर किनाऱ्यालगत आहे. दोन पावसाळ्यांतच पिकअपची चासी आणि कॅम्परचा सांगाडा गंजू लागला आहे. दिव्यांचेही विचित्र चालले आहे. डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकतो. शिवाय दिवसभर गाडी चालवूनही कॅम्परमधील बॅटरी पूर्ण भरत नाही.
– एक वाचक, मालवण

उत्तर : पावसाने गाडी धुऊन निघते, हा किनाऱ्यावरचा गैरसमज आहे. पाऊस वरचा पत्रा धुतो. चासीच्या पोकळ भागांत आणि पाट्यांच्या मध्ये साचलेली क्षार मिसळलेली लाल माती तेथेच राहते आणि ओल धरून ठेवते. दर पंधरवड्याला गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा जोरदार मारा करावा, आणि चासीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके तारेने मोकळी करावीत. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. धुण्याआधी ते जिभेला लावून पाहावे. धुऊन झाल्यावर गॅरेजमध्ये ऑइल आणि डिझेल एकत्र करून जो फवारा मारतात, तो मारू देऊ नये. त्याने गंज काही दिवस लपतो आणि रबरी बुश फुगून निकामी होतात. गंज घासून काढून जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर पोकळ भागांसाठीचे मेणाचे कोटिंग हा मार्ग खर्चिक आहे, पण तो टिकतो.

दिव्यांचा दोष हा जवळजवळ निश्चितपणे अर्थिंगचा आहे. कॅम्परचे अर्थिंग बॉलमधून होईल अशा भरवशावर अनेक जण राहतात. बॉल गंजला की वीज परतीची वाट दुसऱ्या दिव्यांतून शोधते आणि नको ते दिवे लुकलुकू लागतात. अर्थिंगची स्वतंत्र तार सात पिनांच्या सॉकेटमधून थेट चासीपर्यंत न्यावी. सॉकेट उघडून आत हिरवट चुरा दिसला, तर पिना घासून त्यांना पेट्रोलियम जेली लावावी.

बॅटरीचे कारण बारीक तार हे असावे. पिकअपच्या बॅटरीपासून कॅम्परपर्यंत 10 मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन 20 मीटर तांबे होते. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेतून 20 अँपिअर वाहू लागले की वाटेतच सुमारे पावणेदोन व्होल्ट गळतात. अल्टरनेटरकडून निघालेले 14.2 व्होल्ट पोहोचेपर्यंत साडेबारापेक्षाही कमी होतात, आणि तेवढ्याने बॅटरी पूर्ण भरत नाही. 16 चौरस मिलिमीटरची तार घातल्यास ही गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. दोन्ही टोकांना फ्यूज असावा. बॅटरी लिथियमची असेल, तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (आलेले व्होल्ट बॅटरीला हवे तसे करून देणारे उपकरण) आवश्यकच आहे.

प्रश्न : आगोटीच्या कामांत कॅम्परचे काय करावे? तसेच दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीतून जाताना तिची मागची बाजू उतरणीवर घासते.
– एक वाचक, दापोली

उत्तर : कॅम्पर चार महिने उभी राहणार असेल, तर हातब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. चाकांना लाकडी गुटके लावावेत. आसाखाली चिरे रचण्याची आपल्याकडे सवय आहे, पण चिऱ्याची कड भाराखाली तुटते. लोखंडी स्टँड किंवा सागाचे ओंडके घ्यावेत. छपराच्या सांध्यांचे सीलंट मे महिन्यातच तपासावे, पुढचे टोक थोडे उंच ठेवावे आणि बुरशी टाळण्यासाठी वरची झडप जाळी लावून किंचित उघडी ठेवावी. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांच्या रांगेत शेवटी चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून सहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी ते बदलावेत.

हबमधले ग्रीसही नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीआधी बदलावे. घाट उतरून तापलेला हब रस्त्यावर आलेल्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत खेचले जाते. मी हा धडा दोन बेअरिंगांच्या किमतीला शिकलो. उघडल्यावर आतले ग्रीस ताकासारखे पांढरे झाले होते.

फेरीबोटीचे म्हणाल, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप खाली जाते आणि उतरणीचा कोन वाढतो. त्या दिवसांत भरतीच्या सुमाराची फेरी धरावी, खलाशांना आधीच सांगून सरळ रेषेत आणि सावकाश चढावे, व कॅम्परच्या मागचे टेकू पूर्ण वर घेतले आहेत ना, हे खाली उतरून डोळ्यांनी पाहावे.