स्टॅफच्या वसाहतींवर डीएनए प्रोबचा सिग्नल का येत नाही?
नाशिकच्या पेढ्याच्या नमुन्यांतून वाढवलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ, अन्नात विष तयार करू शकणारा जीवाणू), पद्धत ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूसाठीची आणि वसाहती उतरवलेला मेम्ब्रेन (पातळ पडदा) कोरा: दोष बहुधा प्रोबचा (विष-जनुकाला चिकटून सिग्नल देणाऱ्या डीएनए तुकड्याचा) नाही. ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने (अल्कलीने) ई. कोलाय फुटतो; स्टॅफची जाड भिंत नीट फुटत नाही, डीएनए आतच राहतो. आधी लायसोस्टाफिन (स्टॅफची भिंत तोडणारं एन्झाइम), ३७ अंशांवर अर्धा तास, मग अल्कली, न्यूट्रलायझेशन (अल्कली निष्प्रभ करणं), आणि डीएनए मेम्ब्रेनला पक्का चिकटवायला यूव्ही किरण. (लायसोझाइम या भिंत तोडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमवर पैसे घालवू नका, स्टॅफ त्याला दाद देत नाही.) उलट सगळ्याच वसाहती काळ्या पडल्या (म्हणजे सगळीकडेच सिग्नल आला) तर प्रोब लावल्यानंतरचं शेवटचं वॉश (धुणं) कडक करा: मीठ कमी, तापमान जास्त. विष-जनुक असलेला आणि नसलेला, दोन्ही ज्ञात स्ट्रेन (स्टॅफचे वाण) तुलनेसाठी प्रत्येक मेम्ब्रेनवर हवेतच. शिवाय प्रोब जनुक दाखवतो, विष नव्हे. खवा आटताना जीवाणू मरतात, आधीच तयार झालेलं विष मात्र टिकतं. तिथे एलायझाच (प्रतिपिंडांनी थेट विष ओळखणारी चाचणी) करा.