कृषी सल्ला : विमा कमी आला? कापणी प्रयोगाला कोण हजर होते?

प्रश्न : सप्टेंबर २०२५च्या पावसात आमचे सोयाबीन पूर्ण गेले. पलीकडचे महसूल मंडळ विम्यात बसते, आमचे बसत नाही असे ऐकतो. कृषी सेवा केंद्रवाले म्हणतात, शंभर टक्के नुकसान दाखवून पुन्हा तक्रार टाका. टाकू का? (निलंगा, जि. लातूर)

उत्तर : टाकू नका. खरीप २०२५ मध्ये आपल्या राज्यात भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून (निवडलेल्या रानातला मोजका तुकडा कापून त्याचे वजन करतात, तो) निघालेल्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठेवली होती. पाणी साचले, गारपीट झाली, काढून ठेवलेले भिजले, अशा वैयक्तिक तक्रारींची सोय त्या हंगामात नव्हतीच. मग शंभर टक्के लिहा नाहीतर दोनशे, अर्ज जागेवर पडून राहणार. दुकानदार खत-औषधाचा माणूस आहे, विम्याचा नाही. त्याला विचारू नका.

हिशेब असा. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा ते हेक्टरी १,००० किलो आहे आणि यंदा मंडळाची सरासरी ७०० किलो निघाली. तूट ३० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० असेल तर हेक्टरी १५,००० मिळतील. सरासरी १,०१० निघाली तर शून्य, मग तुमच्या रानात काही उरलेले असो वा नसो. पलीकडचे मंडळ बसते आणि तुमचे बसत नाही, ते इथे.

म्हणून मी गावोगाव एकच सांगतो : कापणी प्रयोगाला हजर राहा. सोयाबीनचा प्लॉट १० बाय ५ मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तिथला एक किलो म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल. एका प्रयोगाला मी स्वतः उभा होतो. दोरी लावून झाली, झोडपणी झाली, वजनाला घेतले, तेव्हा सरपंचांनी बोट दाखवले : काटा रिकामा असतानाच २०० ग्रॅम दाखवत होता. २०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी ४० किलो. काटा बदलला तेव्हाच पुढचे वजन घेतले. सरपंच नसते तर तो आकडा तसाच वर गेला असता आणि नंतर कोणी कितीही ओरडले तरी खाली आला नसता. प्लॉट कोणत्या गटात पडला, कापणी कधी, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) सप्टेंबरातच विचारून ठेवा. दोरी, ओले वजन, वाळवल्यावरचे वजन, प्रत्येकाचा फोटो घ्या. विमा कंपनीचा माणूस तिथे असतोच आणि आक्षेप घ्यायचा हक्क तो वापरतो. गावाचे दोघे का नसावेत?

आता तुमच्यापुरते : मंडळातल्या सर्व प्रयोगांचे आकडे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. आकड्यात खरी चूक दिसली तर तिच्यावर तक्रार करा, नुसते 'आमच्यावर अन्याय झाला' लिहू नका.

प्रश्न : खरीप २०२४ची तक्रार मंजूर झाली, पण शेजाऱ्याला १२,००० आणि मला १,१००. एजंट म्हणतो, दोन हजार द्या, वाढवून देतो. (उदगीर)

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. मंजूर आकडा एजंटाने वाढत नाही. त्या वर्षी वैयक्तिक तक्रारीत नुकसानीची टक्केवारी, विमा घेतलेले क्षेत्र आणि नुकसान झाले तोवर झालेला खर्च यांवर रक्कम ठरायची. फरक बहुधा सर्वेक्षणाच्या फॉर्मात आहे. तो मागवून पाहा. मी पाहिलेल्या कितीतरी फॉर्मांवर शेतकऱ्याची सही शाईची आणि टक्केवारीचा रकाना पेन्सिलचा. कोऱ्या रकान्याखाली सही करू नका. पुन्हा सांगतो, कोऱ्या रकान्याखाली सही करू नका. सर्वेक्षकाने पैसे मागितले तर देऊ नका, त्याचे नाव आणि वेळ लिहून तालुक्याला कळवा.

तक्रारीची वाट : आधी १४४४७ या पीक विमा हेल्पलाइनवर किंवा कृषी रक्षक पोर्टलवर नोंद, तिचा क्रमांक जपा. मग तहसीलदारांच्या तालुका समितीकडे, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हा समितीकडे लेखी. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रक्कम ठरूनही मुदतीत दिली नसेल तर १२ टक्के व्याजाची तरतूद आहे, तीही अर्जात मागा. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण दोन वर्षांच्या आत.

वेळेबद्दल. ज्या हंगामात वैयक्तिक तक्रार चालते, तिथे नुकसान झाल्यापासून ७२ तास म्हणजे ७२ तास. चौथ्या दिवशीचा फोन म्हणजे वरातीमागून घोडे. धाराशिवचे उदाहरण देऊन 'कोर्टात मिळते' असे सांगणारे भेटतील. खरीप २०२०च्या सोयाबीनचे दावे ७२ तासांच्या मुद्द्यावर नाकारले गेले, शेतकरी उच्च न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण तिथे महसूल आणि कृषीचे पंचनामे हाताशी होते, आणि तरीही दोन पिके निघून गेली. तुमच्याकडे काय आहे ते आधी पाहा.

प्रश्न : हप्ता भरल्याची पावती आहे, पण अर्जच रद्द दाखवतो.

उत्तर : तीन गोष्टी तपासा. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणारी रानातल्या पिकाची सरकारी नोंद) वेगळे पीक लागले आहे का. लागले असेल तर तेच धरले जाते. सातबारावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का. आणि बँकेने हप्ता कंपनीकडे वेळेत पाठवला का. न पाठवल्यास जबाबदारी बँकेची, भांडण तिच्याशी, कंपनीशी नाही. अर्ज भरताना सामायिक सेवा केंद्रवाल्याने (सीएससी, ऑनलाइन अर्ज भरणारा; खत-औषधाचा दुकानदार नव्हे) हप्त्यावर जादा पैसे घेतले असतील तर तेही लिहा. त्याला अर्जामागे कंपनीकडून ४० रुपये मिळतात. आणि तोच सांगेल, 'संत्र्याची बाग दाखवा, जास्त मिळते.' ऐकू नका. रानात नसलेले पीक दाखवले की शेतकरी काळ्या यादीत जातो, तो केंद्रवाला नाही.